नात गप्प झाली तेव्हा



गेल्या वर्षी चार महिने मी मुलाकडे जपानला, टोकियोच्या निशिकासाई भागात राहून आले. तिथे भारतीय कुटुंबे पुष्कळ. सकाळी फिरायला गेले की मराठी कानावर पडे. नात तिथल्याच जपानी शाळेत सातवीत आहे. शाळेतून आली की "आजी, खायला काय?" असे विचारणारी ही पोर एका आठवड्यात अगदी गप्प झाली. अर्धवट जेवायची, मोबाइल उशीखाली ठेवून झोपायची. मुलगा म्हणाला, "त्या मोबाइलचेच हे सगळे. काढूनच घेतो." मलाही तेच पटले होते.

त्या रात्री मी तिच्याजवळ झोपले. काही न विचारता केसांतून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आजी, बाबांना सांगू नकोस, फोन जाईल." वर्गातल्या मुलींनी तिला ग्रुपमधून काढले होते आणि तिचा फोटो विद्रूप करून सगळ्यांना पाठवला होता. फोन जाईल या भीतीने ती एकटीच सोसत होती.

आपल्याकडे व्हॉट्सॲप, तसे तिथे 'लाइन'. मार्च २०११ च्या भूकंपानंतर, त्याच वर्षी जूनमध्ये ते सुरू झाले. निरोप वाचला की त्यावर तशी खूण उमटते. संकटातल्या माणसाला उत्तर लिहिता आले नाही, तरी निरोप पोचल्याचे कळावे, हा तिचा उपयोग. पण आज मुले त्याच खुणेवरून रुसतात, 'वाचूनही उत्तर दिले नाही' म्हणून एखादीला वाळीत टाकतात. पूर्वी शाळा सुटली की चिडवणे थांबे. आता ते पांघरुणातही पोचते.

छळाला जपानीत 'इजिमे' म्हणतात. ओत्सू शहरात २०११ मध्ये एका शाळकरी मुलाने छळामुळे जीव दिला, तेव्हा सारा देश हादरला. २०१३ मध्ये छळ रोखण्याचा कायदा झाला. इंटरनेटवरचा छळही त्यात येतो. त्रास देणाऱ्याने "गंमत केली" म्हटले तरी, ज्या मुलाला दुखले त्याचे दुखणे त्यात महत्त्वाचे मानले आहे. मुलांसाठी चोवीस तासांचा फोन क्रमांकही आहे. त्याचे शेवटचे आकडे ७८३१० जपानीत असे वाचता येतात, की त्यांचा अर्थ 'मनातली काळजी सांगूया' असा होतो. मला हे फार आवडले.

सूनबाईंनी ते निरोप जपून ठेवले आणि वर्गशिक्षकांना दाखवले. पहिल्या भेटीत "मुलींचे आपसातले आहे" असे उत्तर मिळाले. दुसऱ्यांदा गेल्यावर शाळेने लक्ष घातले, फोटो काढायला लावला. नात अजून पूर्वीसारखी बोलत नाही, पण जेवते आणि हसते.

आपल्या घरी असे घडले तर:

१. आधी ऐकून घ्या. "तूच काहीतरी केले असशील" असे म्हणू नका. फोन काढून घेण्याची धमकी देऊ नका.

२. निरोप पुसू नका. त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख लिहून ठेवा. मग त्या व्यक्तीला ब्लॉक करा. उलट शिवीगाळ नको.

३. शाळेला लेखी कळवा. आपल्या देशात मुलांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक आहेत.

४. नातवंडांचे गणवेशातले फोटो, शाळेचे नाव, पत्ता आपण कौतुकाने सगळीकडे पाठवतो. ते थांबवूया. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही सांगू नये, हे मुलांना शिकवूया.

आई-वडील कामात असतात. आपल्यापाशी वेळ आहे. रविवारच्या बालसंस्कार वर्गानंतर अर्धा तास मुलांशी नुसते बोलत बसायला, त्यांचे ऐकायला ट्रस्टला ज्येष्ठ सभासद हवे आहेत. वरील क्रमांकांची छोटी कार्डे छापून घरोघरी द्यायची आहेत. त्यासाठी यथाशक्ती साहाय्य करावे. इच्छुकांनी कार्यालयात नाव द्यावे. मोबाइल येत नसला तरी चालेल. माझ्या नातीला त्या रात्री मोबाइल येणारी आजी नको होती, जागी असलेली हवी होती.