सामन्याचा तिसरा भाग

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलावरून गेलं की एफसी पुणे सिटीचे नारिंगी झेंडे आठवतात. २०१४ मध्ये आलेला हा फुटबॉल संघ २०१९ मध्ये संपला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. त्याआधी २००७ मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. तोही टिकला नाही. पुण्याच्याच डीएसके शिवाजियन्स क्लबने लिव्हरपूलच्या नावाशी जोडलेली अकादमी काढली होती, तीही मागे पडली. मोठ्यांचे सामने काय, टीव्हीवर बघता येतात. मला हळहळ वाटते ती रोज संध्याकाळी त्या रंगाचा टीशर्ट घालून पळणाऱ्या पोरांची. संघ गुंडाळला गेला की त्यांच्या वेळापत्रकातला एक तास कोण भरून काढणार?

इंग्लंडमध्ये हा तास क्लबांनीच भरायला घेतला. १९८६ साली तिथल्या वायव्येकडच्या सहा क्लबांनी वस्तीत उतरून काम सुरू केलं. आज तिथल्या बहुतेक व्यावसायिक क्लबांचा स्वतंत्र धर्मादाय न्यास आहे. शाळा सोडलेली मुलं, एकटे पडलेले तरुण, मनाने खचलेली पोरं यांच्यासाठी तो काम करतो. आपल्याकडे कोल्हापुरात पाटाकडील तालीम किंवा खंडोबा तालीम ही फुटबॉलची नावं पेठेच्या रोजच्या जगण्यातली. तिथे संघ आणि गल्ली वेगळे काढताच येत नाहीत. पण वस्तीतल्या मुलांच्या मनाची काळजी हाच हेतू धरून फुटबॉल कुठे उभा राहिला असेल, तर तो नागपुरात.

हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी एकदा पावसात वस्तीतली मुलं फुटकी बादली लाथाडताना पाहिली. त्या खेळात ती इतकी रमली होती की सरांनी त्यांना खरा बॉल दिला. २००१ मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झालं आणि पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ आले. पुढे हेच काम ‘स्लम सॉकर’ या नावाने जगाला माहीत झालं. सरांनी निवृत्तीच्या पैशातून नागपूरबाहेर बोखारा इथे जागा घेतली. या सगळ्या गोष्टीत मला ही जागा फार मोलाची वाटते. प्रायोजक बदलले, मंडळी पांगली, तरी मैदान जागेवर राहतं; उद्या आलास तरी इथेच खेळायचंय, हे मुलाला ठाऊक असतं.

२००७ मध्ये कोपनहेगनला झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात इथून भारताचा संघ गेला. २०१६ मध्ये स्लम सॉकरला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा सरांवरचा ‘झुंड’ आला. सिनेमामुळे सर घराघरांत पोहोचले, पण काम कसं चालतं हे पडद्यावर फारसं मावत नाही. फुटबॉलच्या कवायतींतून गणित आणि इंग्रजी शिकवणारा ‘एज्युकिक’, मुलींसाठीचा ‘शक्ती गर्ल्स’ हे रोजचं, चिवट काम आहे.

जगभरच्या अशा संस्थांचं एक जाळं आहे, पूर्वी स्ट्रीटफुटबॉलवर्ल्ड या नावाने ओळखलं जाणारं. स्लम सॉकर त्यातलीच. या जाळ्यात तीन भागांचा सामना खेळतात. पहिल्या भागात दोन्ही संघ गोल बसून नियम स्वतः ठरवतात. दुसऱ्यात खेळतात, शिट्टी घेतलेला पंच नसतो, असतो तो मध्यस्थ. तिसऱ्या भागात पुन्हा बसायचं आणि कोण कसं वागलं ते तोंडावर बोलायचं. त्याचे गुण गोलांमध्ये मिळवले जातात. ही रीत कोलंबियातल्या मेडेयीनमधली. १९९४ च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून बॉल स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि काही दिवसांत त्या शहरात त्याचा खून झाला. त्यानंतर टोळ्यांतल्या पोरांना एकत्र खेळवायला हे नियम बांधले गेले. मिश्र संघ, आणि पहिला गोल मुलीनेच करायचा.

आपल्या वस्तीतला सोळा वर्षांचा मुलगा ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. ‘डोकं आउट झालंय’ म्हणतो, नाहीतर गप्प बसतो. समुपदेशकाच्या दारात तो जाणार नाही. पण सामन्याच्या तिसऱ्या भागात, नुकताच घाम गाळलाय, शेजारी पाडणाराही बसलाय आणि पाडलेलाही, अशा वेळी ‘तू मला ढकललंस तेव्हा राग का आला’ हे तो सांगू शकतो. त्यात घरचं भांडणही निघतं, दारूही निघते. ऐकणारा प्रशिक्षक त्याच वस्तीत वाढलेला असला तर पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही.

बेघरांच्या विश्वचषकात एका वेळी मैदानावर प्रत्येक बाजूचे चौघे असतात, सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. आणि एका खेळाडूला आयुष्यात एकदाच तिथे खेळता येतं. परत आल्यावर त्याच्यापुढे दुसरी स्पर्धा नसते. असतं ते वस्तीतलं मैदान आणि तिथे वाट बघत असलेली लहान मुलं. बालेवाडी, दापोडी, येरवड्यातल्या मुलांनाही असा कुणी मोठा दादा, कुणी ताई हवी आहे, रोज साडेपाचला बॉल घेऊन येणारी.