सफरचंदाच्या झाडाला शुभेच्छा

इंग्लंडातला जानेवारी मोठा उदास असतो. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, नाताळचे दिवे उतरलेले असतात. अशा थंडीत १७ तारखेला सॉमरसेट परगण्यात लोक कंदील घेऊन सफरचंदाच्या बागेत जमतात. कारहॅम्प्टन हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. या प्रथेचे नाव ‘वॉसेल’, म्हणजे ‘सुखरूप राहा’.

झाडाच्या मुळाशी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओततात. तीत भिजवलेला पाव रॉबिन पक्ष्यांसाठी फांद्यांवर ठेवतात. मग गाणी, आणि भुतेखेते पळवायला बंदुकीचे बार!

पण १७ तारीखच का? १७५२ साली इंग्लंडने पंचांग बदलले. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ उजाडला. या लोकांनी मात्र नाताळनंतरची बारावी रात्र जुन्याच हिशेबाने धरली. मला हा हट्ट फार आवडतो.

विसाव्या शतकात जुन्या बागा भराभर तुटल्या. तेव्हा १९९० साली ‘कॉमन ग्राउंड’ या संस्थेने २१ ऑक्टोबरला ‘ॲपल डे’ सुरू केला. पुढे ठिकठिकाणी रहिवाशांनी सामाईक बागा राखल्या, नव्या लावल्या. शहरांतल्या अशा बागांतही आता वॉसेल होते. ज्यांच्या दारात एकही झाड नाही, तीच माणसे तिथे पातेली बडवत असतात.