घरगुती प्रक्षेपकांतील आरसा

कल्याणच्या पटवर्धन कुटुंबानें १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले. त्यांत कांचेवरील चित्राचे किरण भिंगांतून सरळ पडद्यावर जात. शिरड शहापुरास आमच्या घरीं मात्र किरणांस वळण द्यावें लागलें.

माझ्या सहधर्मिणीस बारीक अक्षरें दिसेनाशीं झालीं. तीं भिंतीवर मोठीं दिसावींत म्हणून नातवानें पुठ्ठ्याच्या पेटींत दिवा, पारदर्शक चित्रपटल आणि भिंग बसविलें. पेटी आंखूड व्हावी यासाठीं पटल व भिंग यांच्यामध्यें मीं घरचा आरसा ४५ अंशांत ठेविला. किरण काटकोनांत वळले खरे. पण प्रत्येक अक्षर दुहेरी उमटलें!

कारण साधें आहे. नेहमींच्या आरशाचा मुलामा कांचेच्या मागें असतो; परंतु शेंकडा सुमारें ५ इतका प्रकाश पुढच्या पृष्ठावरूनच परततो आणि दुसरी फिकट प्रतिमा पाडतो. यास्तव मुलामा पुढें असलेला आरसा घ्यावा व त्यास बोट लावूं नये.

आरसा १ अंश ढळला कीं परावृत्त किरण २ अंश ढळतो आणि चित्राची एक बाजू धूसर होऊं लागते. म्हणून चारी कोपरे स्पष्ट दिसल्यावरच आरसा पक्का करावा. आरशामुळें अक्षरें उलटीं पडतात. पटल पालथें बसविलें कीं तीं सुलटीं होतात.

आतां घरीं आलेलें पत्र तिला कोणी वाचून दाखवावें लागत नाहीं.