शेतावरच्या कुत्र्याचे घर: तयार आणावे की गोठ्यालगत बांधावे?

मुरबाड, शहापूर आणि कल्याण तालुक्यांत भाजीपाला, गुरे किंवा कोंबड्या असलेल्या शेतावर राखणीला कुत्रे असतेच. गुरांना गोठा असतो, कोंबड्यांना खुराडे असते. कुत्र्याच्या वाट्याला मात्र खुंटा आणि साखळी. आता काही शेतकरी ठाणे-डोंबिवलीच्या दुकानांतून तयार घर आणतात आणि "हे चालेल का?" असे विचारतात. अशी बरीच घरे ऊब टिकावी म्हणून लहान व बंदिस्त केलेली असतात. आपल्याकडे थंडीचा प्रश्न फारसा नाही. आपल्याला सांभाळायचे आहे ते पावसापासून, उकाड्यापासून आणि बिबट्यापासून.

रात्री बंद होणारे घर हवे

बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य आहे. शहापूरच्या घाटापलीकडे असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबाने खाद्याचा सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. हे फक्त जंगलकाठचे दुखणे आहे असेही समजू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला बिबट्या थेट इमारतीत शिरला होता. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. त्याला रात्री उघड्यावर ठेवणे म्हणजे बिबट्याला दारात बोलावणे, आणि तुमची मुलेही त्याच अंगणात वावरतात.

"कोंडून ठेवले तर राखण कोण करणार?" हा प्रश्न हमखास येतो. कुत्रा राखण करतो ती भुंकून. आतून भुंकला तरी रानडुक्कर बुजते आणि तुम्हालाही जाग येते.

म्हणून माझी पहिली पसंती गोठ्याच्या एका कोपऱ्याला. दोन भिंती आयत्या मिळतात, उरलेल्या दोन बाजूंना खाली दोन फूट विटांची भिंत आणि वर जाड तारेची वेल्डमेश जाळी बसवा. जाळीचे घर एक इंचाचे असावे, म्हणजे बिबट्याचा पंजा आत जाणार नाही. वरूनही छत किंवा जाळी हवीच, आणि दाराला बाहेरून कडी. पातळ प्लायवूडचे दार किंवा कोंबडीची जाळी बिबट्यापुढे टिकत नाही.

जागा आणि उंची

ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक नैर्ऋत्येकडून झोडपतो. दार पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवा, जोता किमान दीड फूट घ्या आणि पन्हळीचे पाणी दारासमोर पडू देऊ नका. उल्हास, काळू, भातसा यांच्या काठी शेत असेल तर २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ च्या पुराची खूण कुठवर आली होती ते आधी आठवा. दुसऱ्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती. बंद घरातला किंवा बांधलेला कुत्रा पुरात पोहूही शकत नाही, तेव्हा घर त्या खुणेच्या वर बांधा आणि नदी चढू लागली की कुत्रा आधी मोकळा करा.

आकार, छप्पर, अंथरूण

कुत्र्याला ताठ उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे. गावठी कुत्र्याला चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच जागा पुरते. त्याला त्यात रात्रभर राहायचे आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा नुसत्या पत्र्याखाली भट्टी होते. मंगलोरी कौले उत्तम. पत्राच असेल तर वर पेंढ्याचा जाड थर बांधून टाका. दिवसा मात्र कुत्रा झाडाच्या सावलीत मोकळाच बरा.

डोंबिवली एमआयडीसीच्या आसपास भंगारात मिळणारे निळे ड्रम कापून घर करतात. ते टाळा. आत कोणते रसायन होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि उन्हात ड्रम तापतो तो वेगळाच. भिवंडीच्या गोदामांतून येणारी लाकडी पॅलेट खाली अंथरायला चांगली, पण त्यावरचा शिक्का पाहा: 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेले लाकूड, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. दुसरे घेऊ नका.

पावसाळ्यात पेंढा अंथरू नका. तो कुजतो, त्यात पिसवा होतात. फळीवर गोणपाट घाला, दोन ठेवा आणि आलटून पालटून वाळवा. गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालते, म्हणून भेगा सिमेंटने बुजवून चुना लावा. पिकावर मारायचे कीटकनाशक घरात किंवा कुत्र्याच्या अंगावर फवारू नका. असे केल्याने कुत्र्यांना विषबाधा होते. औषध पशुवैद्यकाला विचारूनच वापरा, त्याच फेरीत रेबीज आणि लेप्टोची लसही टोचून घ्या. उंदराचे विष आणि धान्याची पोती या घरापासून लांब ठेवा: उंदरांमागे घोणस येते.

मृगापूर्वी बांधकाम उरकले की कुत्र्याला जबरदस्तीने आत ढकलू नका. आठ-दहा दिवस संध्याकाळची भाकरी आतच ठेवा आणि दार उघडेच राहू द्या. तो आपणहून आत बसू लागला की मग कडी लावायला सुरुवात करा, आणि सकाळी धार काढायला जाताना उघडा.