चार शब्दांची पाटी

‘हात दाखवा, एसटी थांबवा.’ चारच शब्द. पण योजना काय, प्रवाशाने करायचे काय आणि त्याला मिळणार काय, सगळे त्यात आले. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ही ओळ एकदा ऐकून पाठ होते. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीची ‘गाव तेथे एसटी’ ही घोषणाही याच जातीची. तिच्यात विशेषण एकही नाही. आहे ते वचन, आणि ते पाळले जाते का, हे आपल्या गावच्या थांब्यावर कुणालाही पडताळता येते.

पल्स पोलिओची ‘दो बूँद ज़िंदगी की’ ही ओळ हिंदी, तरी महाराष्ट्राच्या वाड्यावस्त्यांवर पोचली. बाळाला सुई टोचायची नाही, दोन थेंब पाजायचे, हे आईला त्यातूनच कळे. मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. श्रेय लशीचे आणि दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्यांचे, पण दारातली भीती कमी करायला ती ओळ नक्कीच उपयोगी पडली.

आता नेहमीची पाटी बघा : ‘सदर ठिकाणी कचरा टाकणाऱ्यांवर दंडात्मक कारवाई करण्यात येईल. आदेशावरून.’ कारवाई कोण करणार? दंड किती? मग कचरा टाकायचा कुठे? उत्तर एकाचेही नाही, म्हणून ढीग बहुधा त्याच पाटीच्या पायाशी साठतो. त्यापेक्षा ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पुणेरी धमकी जास्त चालते. ती कायद्यात बसो न बसो, काय होणार ते वाचणाऱ्याला स्पष्ट कळते.

जाहिरातीत खोट वेगळी असते. ‘50 टक्के’ हे आकडे हातभर मोठे, आणि त्यांना चिकटलेले ‘पर्यंत’ मुंगीएवढे. ही लबाडीच आहे. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि ठळक हवा, असे केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच वर्षी राज्याने कायदा बदलून दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरे इतर लिपींपेक्षा लहान नकोत, असे ठरवले. ते योग्यच झाले. पण अक्षर मोठे झाले म्हणून वाक्य सुधारत नाही.

महापालिकांनी पुढची पाटी रंगवण्याआधी तिच्यावर तीन गोष्टी जरूर लिहाव्यात : दंडाची रक्कम, जवळची कचरापेटी आणि तक्रारीचा फोन नंबर.