टेंभुर्णीचा आराखडा मुंबईत ठरत नाही

‘गावात काय व्हायचं ते वरच ठरतं, आपण बोलून काय उपयोग?’ मराठवाड्यात हे इतक्या वेळा कानावर येते की ते खरेच वाटू लागते. जालना जिल्ह्यातल्या जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावासाठी मात्र ते निम्मेच खरे आहे. आमदार निधी किंवा गावकरी ज्याला ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात तो निधी वरून मंजूर होतो. वित्त आयोगाच्या पैशाचे तसे नाही. ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम राज्यात २०१५ मध्ये आला. तेव्हापासून हा पैसा कशावर खर्चायचा याचा आराखडा ग्रामपंचायत करते आणि त्याला मान्यता ग्रामसभा देते.

दुसरा गैरसमज सरपंचांच्या माथी बसतो. पैसा आला की सरपंच तो हवा तिथे वापरतात, असे लोक धरून चालतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ६० टक्के रक्कम बंधित ठेवली होती. त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. ‘पाण्यासाठी पैसे आहेत, मग आमचा रस्ता का नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. शिवाय ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. हे किती जणांना ठाऊक असते?

तिसरा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो: मराठवाड्याचा विकासातला अनुशेष भरला की गावाचे आपोआप भले होईल. अनुशेष खराच आहे आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. १९८४ च्या दांडेकर समितीने तो जिल्हानिहाय मोजला. मराठवाड्याचे वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये आले, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मधल्या काळात, २०१३ मध्ये, केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरायला सांगितले, कारण जिल्ह्याच्या सरासरीत मागे पडलेला तालुका दिसत नाही. हाच हिशेब आणखी खाली न्या. गावाच्या सरासरीत वस्ती दिसत नाही. गावठाणात रोज नळ आला तरी शेवटच्या वस्तीवरची बाई हंडा घेऊन उभीच असते, आणि तिची मागणी आराखड्यात लिहिली गेली नाही तर अनुशेषाचा रुपयाही तिच्यापर्यंत पोचत नाही.

पैसा शेवटच्या वस्तीपर्यंत पोचण्याचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाने १९९२ च्या राज्यघटनेतच राष्ट्रीय महसुलाचा किमान ५ टक्के वाटा जिल्हा सभांसाठी राखला. पैसा खाली आला, तरी सभेत कोण बोलतो हा प्रश्न तिथेही उरतोच.

ग्रामसभा सदस्यांची नसते, गावातल्या प्रत्येक मतदाराची असते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. म्हणजे मोठ्या गावात १०० जण पुरतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू देऊ नका.

‘आराखडा आम्हाला दाखवतच नाहीत’ हेही आता चालणार नाही. २०२० पासून तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आहे. मोबाइलवर महाराष्ट्र, जालना, जाफ्राबाद, टेंभुर्णी असे निवडा. जिल्हा नीट बघा, कारण सोलापूरच्या माढा तालुक्यातही टेंभुर्णी आहे. वर्ष टाकले की कामांची नावे आणि अंदाजित रक्कम समोर येते. ती यादी वाचा, आपल्या वस्तीचे काम त्यात नसेल तर जागा आणि गरज लिहून अर्ज द्या, पोच घ्या आणि येत्या ग्रामसभेत तो विषय ठरावात नोंदवूनच घरी या.