मालकी एकाची, वहिवाट सगळ्यांची

डिसेंबर १९३६मध्ये आठव्या एडवर्डने ब्रिटनचे सिंहासन सोडले आणि मुकुट आपसूक धाकट्या भावाकडे, सहाव्या जॉर्जकडे आला. बकिंगहॅम पॅलेस आला, विंडसरचा किल्लाही आला. आली नाहीत ती दोन घरे: स्कॉटलंडमधले बाल्मोरल आणि नॉरफकमधले सँड्रिंगहॅम. ती एडवर्डला वडिलांकडून खासगी वारसा म्हणून मिळाली होती. नव्या राजाला ती थोरल्या भावाकडून रोख पैसे मोजून विकत घ्यावी लागली.

या घराण्याच्या घरांचे सातबारे निघत असते, तर मालकाच्या रकान्यात चार वेगवेगळी नावे दिसली असती. बकिंगहॅम आणि विंडसर राजपदाचे. राजाला ते विकता येत नाहीत. बाल्मोरल आणि सँड्रिंगहॅम राजाचे स्वतःचे. विंडसरच्या विस्तीर्ण उद्यानातली घरे क्राउन इस्टेटची. तिचा कारभार स्वतंत्र मंडळ पाहते आणि नफा सरकारी खजिन्यात जातो. चौथे नाव कॉर्नवॉलच्या डचीचे. १३३७मध्ये तिसऱ्या एडवर्डने युवराजाच्या खर्चासाठी तोडून दिलेली ही जहागीर आजही युवराजाकडेच असते. तिथला मामला गमतीचा आहे. चार्ल्स युवराज असताना, १९८०मध्ये, डचीने त्यांच्यासाठी हायग्रोव्ह हे घर घेतले. २०२२मध्ये ते राजे झाले, डची विल्यमकडे गेली आणि बाप मुलाच्या जहागिरीतल्या घराचा भाडेकरू झाला.

आपल्याकडच्या संस्थानिक घराण्यांत भांडणे होतात ती वाटणीची. बडोद्याच्या गायकवाडांचा वाद अनेक वर्षे कोर्टात होता. २०१३च्या तडजोडीत लक्ष्मीविलास राजवाडा समरजितसिंहांकडे आला. विंडसर घराण्यात मोठ्या मिळकतीची वाटणीच होत नाही. राजाकडून पुढच्या राजाकडे जे जाते, त्यावर १९९३च्या समझोत्यानुसार वारसाकरही लागत नाही. तेच धाकट्या मुलाला दिले, तर मात्र कर भरावा लागतो. म्हणून थोरल्याकडे मालकी राहते आणि बाकीच्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा येते ती वहिवाट.

कामाची वाटणी मात्र या क्रमाने होत नाही. कोणी कुठे कोनशिला बसवली, कोणत्या राजदूताची भेट घेतली, याची नोंद ‘कोर्ट सर्क्युलर’मध्ये होते. त्या नोंदींत चार्ल्स यांच्या भगिनी राजकन्या ॲन वर्षानुवर्षे अगदी वरच्या स्थानावर असतात. वारसाक्रमात त्या पंधराव्याच्याही मागे आहेत, कारण धाकट्या भावांना पुढचा मान देणारा जुना नियम बदलला, तो फक्त २८ ऑक्टोबर २०११नंतर जन्मलेल्यांसाठी. घराण्यातली कामाची माणसे डझनाच्या आत, त्यांतही काही ऐंशीच्या पुढची. राजा आजारी किंवा परदेशी असला की त्याच्या वतीने कागदांवर सही करायची, तर कायद्याने तो अधिकार पत्नीचा आणि वारसाक्रमातल्या पहिल्या चार सज्ञान व्यक्तींचा. त्यांत कॅलिफोर्नियात राहणारा धाकटा मुलगा हॅरी आणि कामावरून दूर केलेला भाऊ अँड्र्यूही होता. नावे खोडणे अवघड, म्हणून २०२२च्या डिसेंबरात नवा कायदा करून ॲन आणि सर्वांत धाकटे भाऊ एडवर्ड यांची नावे वाढवली. हा खास इंग्रजी तोडगा. दोन वर्षांतच, २०२४मध्ये, चार्ल्स आणि विल्यमची पत्नी केट दोघांच्याही कर्करोगाचे निदान जाहीर झाले आणि माणसे किती थोडी उरली आहेत ते दिसले.

खर्चाचे गणित २०११च्या कायद्याने बांधले आहे. क्राउन इस्टेटच्या नफ्याच्या प्रमाणात सरकार अनुदान देते: आधी १५ टक्के, बकिंगहॅमच्या दुरुस्तीसाठी २५, आता १२. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या करारांमुळे नफा इतका फुगला की टक्का उतरूनही २०२५-२६चे अनुदान १३ कोटी २१ लाख पौंडांवर गेले. त्यातून कचेऱ्या, अधिकृत प्रवास आणि राजवाड्यांची निगा भागते. ७७५ खोल्यांच्या बकिंगहॅमची वायरिंग आणि नळ बदलण्याचेच अंदाजपत्रक ३६ कोटी ९० लाखांचे. चार्ल्स स्वतः मात्र क्लॅरेन्स हाउसमध्येच राहत आले आहेत.

खरा पेच विंडसरच्या उद्यानातल्या रॉयल लॉज या घराचा. २००३मध्ये अँड्र्यूने क्राउन इस्टेटकडून ते ७५ वर्षांच्या पट्ट्याने घेतले. दहा लाख पौंड आगाऊ भरले, दुरुस्तीवर ७५ लाखांहून अधिक खर्च केले, आणि वार्षिक भाडे ठरले मिरीचा एक दाणा, तोही मागितला तर. पट्टा राजाशी नव्हता, त्यामुळे कामावरून दूर केल्यावरही नुसत्या हुकमाने त्याला घराबाहेर काढता येईना. अखेर ३० ऑक्टोबर २०२५ रोजी राजवाड्याने जाहीर केले की त्याची राजकुमार ही पदवी काढून घेतली जात आहे, पट्टा सोडण्याची नोटीस दिली आहे आणि तो खासगी निवासस्थानी जाईल. ते घर सँड्रिंगहॅमच्या इस्टेटीतले, म्हणजे मालक थेट राजा.

याच सुमारास संसदेच्या लोकलेखा समितीने क्राउन इस्टेटकडे या भाडेपट्ट्याचा खुलासा मागितला. धाकटे भाऊ, एडिंबरोचे ड्यूक एडवर्ड यांचे बॅगशॉट पार्क हे घरही क्राउन इस्टेटच्याच पट्ट्यावर आहे. पट्टा सार्वजनिक मिळकतीचा असेल, तर त्याच्या अटी घरातला तंटा पेटेपर्यंत झाकून ठेवायचे कारण नाही. प्रत्येक अनुदानाच्या हिशोबासोबत त्या छापल्या गेल्या पाहिजेत.